सैतानाचे भय आणि पुरावा

अमेरिकेच्या राज्यघटनेने १७९१ सालापासून धर्मस्वातंत्र्याची हमी दिली आहे. सैतानाचे नाव धारण करणारा एक पंथ तेथे १९६६ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात उघडपणे स्थापन झाला. तो कायद्याने गुन्हा ठरला नाही. असे असता त्याच देशात सैतानाच्या भयाने निरपराध माणसे तुरुंगात गेली, हे आपण समजून घेतले पाहिजे. हे भय केवळ धर्मपीठांनी नव्हे, तर दूरचित्रवाणी, मानसोपचारक आणि पोलीस यांनीही पसरविले.

१९८३ साली कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथील एका बालशाळेवर मुलांच्या लैंगिक छळाचा आरोप आला. मुलांवर असे अत्याचार होतात आणि त्यांची तक्रार ऐकलीच पाहिजे, याविषयी वाद नाही. परंतु येथे शेकडो मुलांना पुनःपुन्हा सूचक प्रश्न विचारण्यात आले. (सरतपासणीत वकिलाने असा प्रश्न विचारला, तर विरुद्ध पक्ष तात्काळ हरकत घेतो!) मग मुले गुप्त भुयारांच्या आणि सैतानी विधींच्या गोष्टी सांगू लागली. सात जणांवर आरोप ठेवले गेले. १९९० साली सारे प्रकरण संपले, तेव्हा एकही आरोप शाबीत झालेला नव्हता. एक आरोपी मात्र शिक्षेवाचून पाच वर्षे कोठडीत होता.

टेक्सासमध्ये पाळणाघर चालविणाऱ्या एका दांपत्याला १९९२ साली प्रत्येकी ४८ वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्याविरुद्ध वैद्यकीय साक्ष देणाऱ्या डॉक्टरानेच पुढे आपले निदान चुकल्याचे मान्य केले. २०१३ साली दोघांची सुटका झाली आणि २०१७ साली ते निर्दोष ठरले. सुटकेपर्यंत एकवीस वर्षे बंदिवासात गेली होती.