कणीक, वादी आणि खोका

पखवाज लावताना पाहिलेले बरेच जण इथे असतील. डाव्या पुडीवर ओली कणीक थापली की आवाज उतरतो, भरदार होतो. वादी ताणली की तोच आवाज चढतो. गाडीत बसवायच्या सबवूफरबद्दल मला आज जे सांगायचं आहे, त्याचं मूळ या दोन क्रियांत आहे. वूफरचा कोन जड असतो, ती त्याची कणीक. कोनाच्या कडेची रबरी घडी आणि मागची नालीदार चकती त्याला जागेवर ओढून धरतात, ती त्याची वादी. पण वूफर खोक्यात बसवला की आणखी एक वादी जोडली जाते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे खोक्यात कोंडलेली हवा.

ही हवेची स्प्रिंग कामाला लावली अमेरिकेतल्या एडगर व्हिल्चर यांनी, १९५४ साली. त्याआधी खोल आवाजासाठी कपाटाएवढी पेटी लागायची. त्यांनी कोन मुद्दाम सैल टांगला आणि त्याला आवरायचं काम लहानशा हवाबंद पेटीतल्या हवेवर सोपवलं. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी हे सगळं गणितात बसवलं. वूफरबरोबरच्या कागदावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असे आकडे छापलेले असतात, ते या दोघांचं देणं. गिऱ्हाइकाची नजर वॉटवर असते. मी त्याला व्हीएएस दाखवतो. वूफरच्या वादीत जेवढा कडकपणा आहे, तेवढाच किती लिटर हवेत असतो, ते हा आकडा सांगतो. त्यावरून खोका ठरतो.

खोक्याचं माप घेताना होणारी एक चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की ती आकड्यांनिशी सांगतो. समजा, बारा इंची वूफरसाठी ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरची पोकळी हवी आहे. गुणाकार केला तर ३५ लिटर. सुताराकडे ही मापं दिली, त्यानं ती बाहेरची धरली आणि १८ मिलिमीटरचा एमडीएफ वापरला. आता आत उरलं ३६.४ बाय ३१.४ बाय २१.४, म्हणजे साडेचोवीस लिटर. दहा लिटर हवा लाकडानं खाल्ली. त्यातून वूफरचं लोहचुंबक आणखी दोन-तीन लिटर जागा अडवतं, ते वेगळंच. म्हणजे अदृश्य वादी न विचारता आवळली गेली. मग सूर चढतो, खालचा खर्ज नाहीसा होतो आणि प्रत्येक गाण्यात एकाच जागी ‘भुम भुम’ ऐकू येतं. मालक म्हणतो, वूफर फालतू निघाला. वूफर चांगला असतो.

सांधे हवाबंद नसतील, तरी खर्जाचा जीव जातो. खोका पुरा झाला की मी वूफरचा कोन दोन्ही तळव्यांनी हलकेच आत दाबतो आणि सोडतो. तो सावकाश परत आला तर हवा नीट अडली आहे. झटकन आला तर कुठेतरी फट आहे. ओला हात सांध्यांवरून फिरवला की ती सापडते. कोकणातल्या गाडीसाठी मी एमडीएफ वापरत नाही. पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात, म्हणून मरीन प्लाय. पोर्टचा, म्हणजे हवेसाठी नळी ठेवलेला, खोका आवाजाला मोठा असतो खरा. पण पोर्ट ज्या सुराला लावला आहे त्याच्या खाली गेलं की हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट हलतो. म्हणून ते खालचे सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टर नसलेल्या अ‍ॅम्पवर पोर्टचा खोका मी लावत नाही.

खोक्याभोवती आणखी एक खोका आहे, गाडीचा. ४० हर्ट्‌झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटर भरते. लहान गाडीची केबिन आतून जेमतेम तीन मीटर. लहर मावतच नाही, म्हणून साधारण ५७ हर्ट्‌झच्या खाली काचा बंद असताना सगळी केबिन एकदम दाबली जाते आणि सैल होते. खर्ज आपोआप वाढतो. घरात दुबळा वाटणारा बंद खोका गाडीत खोल वाजतो, तो यामुळे. दरवाजा उघडून बास तपासणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

आता विजेकडे येतो. ५०० वॉट देणारा क्लास डी अ‍ॅम्प साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला, तर बॅटरीकडून सव्वासहाशे वॉट मागतो. १३.८ व्होल्टला तो झाला ४५ अँपिअर. एवढा प्रवाह जसा प्लसनं जातो, तसाच्या तसा मायनसनं परत यावा लागतो. प्लसच्या तारेवर सगळे पैसे खर्च करतात. अर्थ मात्र जवळचा कुठलाही बोल्ट पाहून मारतात.

एक गाडी माझ्याकडे आली होती. लहानशी हॅचबॅक, दोन वूफर जळून तिसरा बसवलेला. ठोक्यागणिक हेडलाइट मंद व्हायचे आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शीळ चढत जायची. मालक तरुण मुलगा होता, कर्जानं पैसे घातलेले. ‘दादा, आता मोठी बॅटरी टाकू का?’ म्हणाला. मी ५० हर्ट्‌झचा सूर लावला आणि मल्टिमीटर घेतला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.६ व्होल्ट. अ‍ॅम्पवर ११.३. सव्वादोन व्होल्टहून जास्त वाटेत गायब. बॅटरीच्या प्लसपासून अ‍ॅम्पच्या प्लसपर्यंत मोजलं, फक्त ०.२. बॅटरीच्या मायनसपासून अ‍ॅम्पच्या मायनसपर्यंत मोजलं, २.१.

मागच्या सीटच्या बोल्टला अर्थ होता, रंगाच्या थरावर. २.१ व्होल्ट गुणिले ४५ अँपिअर म्हणजे जवळजवळ ९५ वॉट उष्णता त्या एका सांध्यात. बोल्टनं बोटाला चटका दिला. शेजारचं कार्पेट तपकिरी पडलं होतं. व्होल्ट कमी म्हणून अ‍ॅम्प लवकर क्लिप व्हायचा, आवाज कमी म्हणून मुलगा गेन वाढवायचा, आणि कापलेल्या माथ्याच्या त्या लहरी कॉइल तापवत राहायच्या. दोन वूफर असे गेले. पॉलिश पेपरनं पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, जाड तांब्याच्या तारेला लग क्रिंप केला, आवळला, वर ग्रीस. आकडा आला ०.१. दिवे स्थिर झाले, शीळही गेली. मोठ्या बॅटरीची गरज नव्हती.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, हे त्या दिवशी मी त्याला शेजारी बसवून दाखवलं. स्टिरिओच्या सिग्नलला अ‍ॅम्पशी जुळवायची ती चकती आहे. डबल कॉइलच्या वूफरची जोडणीही तपासली: चार ओमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर दोन ओम, एकामागे एक जोडल्या तर आठ. एखादी उलटी लागली तर दोघी एकमेकींशी झगडतात, कोन हलत नाही, नुसती उष्णता होते. अ‍ॅम्पच्या तारा काढून प्रत्येक कॉइलला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो.

फ्यूजची गोष्ट मात्र हट्टानं सांगतो. तो बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा, अ‍ॅम्पशेजारी नव्हे. तो तारेसाठी असतो. बॉनेटमागच्या पत्र्यातून तार रबरी ग्रोमेटशिवाय ओढली, इन्सुलेशन घासलं गेलं आणि वाटेत फ्यूज नसला, तर बॅटरीची सगळी ताकद त्या एका जागी उतरते आणि गाडी पेटते.

त्या मुलाला महिन्यानं परत बोलावलं होतं. तांब्याचे तंतू दाबाखाली बसतात, बोल्ट किंचित सैल होतो. तो आला, आम्ही बोल्ट पुन्हा आवळला, ५० हर्ट्‌झ लावून मोजलं आणि वहीत तारखेपुढे लिहिलं: ०.१.