भाच्याची बोट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कविता लिहितो. बोटींशी माझा संबंध एवढाच की राजपुरीच्या खाडीकाठी माझा जन्म झाला आणि माझे अब्बा कोकण किनाऱ्यावरच्या आगबोटीवर सारंग होते. तरीही गेल्या वर्षी तीन महिने मी वेगवान मोटरबोटींच्या किमती, त्यांचा वेग आणि खवळलेल्या पाण्यातली त्यांची चाल याखेरीज दुसरं काही वाचलं नाही. याला कारण माझा भाचा.

हा भाचा एकोणीस वर्षं दुबईत होता. परत आला तो डोक्यात एक कल्पना घेऊनच. मुरूडला पर्यटक येतात, शिडाच्या होडीतून जंजिरा बघून येतात, मासे खातात आणि निघून जातात. त्यांना समुद्रावर वेगाची एक फेरी मारून आणली तर? मला म्हणाला, "मामू, तुम्ही फक्त सोबत चला. अम्मी म्हणते, मामू हो म्हणाले तरच बँकेतले पैसे काढायचे." एकोणीस वर्षांची कमाई माझ्या एका शब्दावर येऊन थांबली. माझ्या शब्दांवर एवढी जबाबदारी आजवर कुणी टाकली नव्हती.

त्याला हवी होती ती शर्यतीच्या घाटाची बोट. त्याचाही दोष नाही. दुबईचा व्हिक्टरी हा संघ या खेळातला नावाजलेला. त्यांच्या बोटी पाण्यावरून सुसाट जाताना त्याने किनाऱ्यावरून पाहिलेल्या. मार्च २०१७मध्ये आपल्या मरीन ड्राइव्हसमोरही पॉवरबोटींच्या शर्यती झाल्या, तेव्हा तो सुट्टी काढून खास त्यासाठी आला होता. तिथे सगळ्या संघांना एकसारख्याच बोटी दिल्या होत्या. म्हणजे खरी परीक्षा चालवणाऱ्याची होती, बोटीची नव्हे. हे त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्याही तेव्हा आलं नव्हतं.

बोटीचं सगळं गुपित तिच्या तळाशी असतं. वरचे रंग, गाद्या, काचा ही सजावट. तळ सपाट असेल तर बोट चटकन पाण्यावर उचलली जाते, कमी ताकदीच्या इंजिनावर पळते आणि स्वस्तात पडते. पण लाट आली की तोच तळ पाण्यावर थापटीसारखा आपटतो आणि बसलेल्याच्या मणक्याला त्याचा हिशेब द्यावा लागतो. रे हंट नावाच्या अमेरिकन आरेखकाने यावर उपाय काढला. त्याने तळाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोल धार दिली आणि ती नाळेपासून पार मागच्या टोकापर्यंत नेली. मागच्या टोकाशी तळाचा कोन २४ अंशांच्या आसपास. आधीच्या बोटींना पुढे धार असायची, पण मागे जाता जाता त्या सपाट व्हायच्या. १९६०च्या मायामी ते नसाऊ शर्यतीत समुद्र खवळलेला होता. रिचर्ड बर्ट्रम या तळाची लाकडी बोट घेऊन उतरला आणि सुमारे आठ तासांत पोहोचला. मागे राहिलेल्यांपैकी काही जण दुसऱ्या दिवशी पोहोचले. त्या बोटीचं नाव 'मॉपी'. बर्ट्रमच्या बायकोचं ते लाडाचं नाव. पुढे त्याच घाटाच्या फायबरच्या बोटींवर त्याचा कारखाना उभा राहिला.

आमच्याकडे बोटीच्या तळाच्या कण्याला पठाण म्हणतात. अब्बा कुठलाही मचवा किनाऱ्यावर चढवलेला दिसला की वाकून आधी पठाण बघायचे. मालकाशी बोलणं नंतर.

मुंबईत एका दलालाने आम्हाला तीन वापरलेल्या बोटी दाखवल्या. पहिली बत्तीस फुटी, दोन इंजिनांची, खोल धारेची. तिच्या तळाला आडव्या पायऱ्या कापलेल्या होत्या. पायऱ्यांतून तळाखाली हवा शिरते, पाण्याशी घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच इंधनात वेग वाढतो. दुसरी दोन तळांची, म्हणजे कॅटॅमरान. दोन तळांच्या मधल्या बोगद्यात हवा कोंडते आणि बोटीला खालून उचलून धरते. तिसरी पंचवीस फुटी, जड, खोल धारेची, बिनपायऱ्यांची. रंग उडालेला. दुसरीची किंमत पहिलीच्या पाऊणपट आणि तिसरीची निम्म्याहून कमी. भाचा तिसरीकडे बघायलाच तयार नव्हता.

दलालाने सकाळी आठची वेळ दिली. मी म्हटलं, दुपारी तीनला जाऊ. तो हसला, म्हणाला, "साहेब, दुपारी पाणी खराब असतं." म्हटलं, म्हणूनच. फेब्रुवारीपासून आपल्या किनाऱ्यावर सकाळी मतलई वारा मंद असतो आणि पाणी काचेसारखं. दुपारी वायव्येचा वारा सुटला की हेच पाणी वेडंवाकडं होतं. पर्यटक जेवून, झोप काढून, चारनंतर किनाऱ्यावर येतो. बोट चालायची ती त्या पाण्यात. माहितीपत्रकात छापलेला वेग सकाळच्या पाण्यातला असतो. शेवटी आम्ही दोन्ही वेळा गेलो. डिझेल-पेट्रोलचा खर्च भाच्याचा.

सकाळी कॅटॅमरानने मला जिंकलं. चादरीवरून इस्त्री फिरावी तशी ती गेली. दुपारी प्राँग्ज दीपगृहाच्या बाहेर लाटा बोगद्याच्या उंचीएवढ्या झाल्या आणि खालून कुणी वरवंटा हाणावा तसे तडाखे बसू लागले. या जातीच्या बोटीचं आणखी एक आहे. फार वेगात नाळ वर उचलली गेली की बोगद्यातली हवाच तिला पाठीवर उलटवते. मोनॅकोच्या राजकन्या कॅरोलिन यांचे पती स्टेफानो कासिरागी १९९०च्या ऑक्टोबरमध्ये आपलं जगज्जेतेपद राखताना अशीच कॅटॅमरान उलटून गेले. वय अवघं तीस. आम्ही त्या वेगाच्या जवळपासही नव्हतो, पण भाच्याने खुर्चीची कडी घट्ट धरली होती, हे मी पाहिलं.

पायऱ्यांची बोट दुपारीही चांगली धावली, हे कबूल केलं पाहिजे. लाट कापत गेली, आपटली कमी. मात्र वेगात वळवताना तिचा मागचा भाग एकदम सरकला. ओल्या शेवाळावर पाय सरकावा तसा. चालवणारा मुरलेला होता, त्याने सावरलं. नंतर त्यानेच सांगितलं, वळणात घाबरून वेग झटकन कमी केला की ही बोट गरकन फिरते. मी भाच्याला विचारलं, "मुरूडला ही कोण चालवणार?" तो म्हणाला, "ठेवू एखादा पोरगा पगारावर." मी मनात टिपून ठेवलं.

तिसरी संथ. भाच्याच्या भाषेत म्हैस. पण दुपारच्या पाण्यात तिने आपला वेग फारसा सोडला नाही, आणि बाकीच्या दोघींना तो सोडावा लागला. लाटा मागून येत होत्या तेव्हाही तिची नाळ पुढच्या लाटेत घुसली नाही. अवगुण एक, आणि तो मी स्वतः भोगला. खोल धारेची बोट थांबली की डोलते. इंजिन बंद करून दलाल किमतीचं बोलायला लागला आणि मी कठड्यावर वाकून सकाळची न्याहारी समुद्राला दिली. सारंगाचा मुलगा! भाचा शहाणा, काही बोलला नाही.

वापरलेली बोट घेताना अजून एक करावं. फायबरच्या आत बऱ्याचदा प्लायवूड असतं. त्यात पाणी मुरलं की ते आतल्या आत कुजतं, बाहेरून कळत नाही. नारळ वाजवून बघतो तसं हातोडीच्या दांड्याने ठोकत जायचं. घट्ट आवाज आला तर ठीक, बसका आला तर किंमत कितीही उतरवली तरी परत फिरायचं. पहिल्या बोटीचा इंजिन बसवलेला मागचा भाग दोन ठिकाणी बसका वाजला. दलाल म्हणाला, गादीमुळे. तिथे गादी नव्हती.

हिशेबाला आम्ही बंदराजवळच्या एका हॉटेलात बसलो. तीनशे अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन पूर्ण वेगात ताशी शंभर लिटरच्या वर पितं. अशी दोन. लिटरला शंभर रुपये धरले तरी तासाला वीस हजार रुपये पाण्यात. दहा मिनिटांच्या फेरीला माणशी किती घेणार? आणि तेवढे देणारी सहा माणसं दर फेरीला कुठून आणणार? भाचा आकडे मांडत गेला आणि दुसऱ्या चहाला गप्प झाला.

मग त्याने नवाच मार्ग काढला. मोठी बोट घेऊ आणि सहाऐवजी दहा माणसं बसवू. इथे माझा आवाज चढला, शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ला रेवसला जाताना बुडाली तेव्हा अब्बा पंधरा-सोळा वर्षांचे होते. सहाशेहून अधिक माणसं गेली. मोठी लाट आली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट कलंडली. पुढे आयुष्यभर अब्बा बोटीवर चढणाऱ्यांची डोकी मोजायचे, पाहुणा म्हणून गेले तरीही. आणि डिसेंबर २०२४ची गोष्ट तर भाच्याने स्वतः दूरचित्रवाणीवर पाहिलेली. एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची वेगवान बोट इंजिनाची चाचणी चालू असताना आदळली. पंधरा माणसं गेली. तिथे तर चालवणारे शिकलेले, सरावलेले होते. मी म्हटलं, "बेटा, तुझ्या पगारी पोराच्या हातात तू काय देतो आहेस, तेवढं सांग." तो काही बोलला नाही. बिल त्यानेच दिलं.

घरी आल्यावर बहिणीने विचारलं, "काय ठरलं?" मी म्हटलं, त्यालाच विचार. पंधरा दिवस त्याने मला फोन केला नाही. सोळाव्या दिवशी आला तो तिसऱ्या बोटीच्या कागदांची फाइल घेऊन. इंजिन एकच ठेवायचं, मोठी पर्यटक फेरी सोडून द्यायची आणि सकाळी सहा-सहा माणसांना खाडीतून किल्ल्याभोवती फिरवून आणायचं, असं ठरवून आला होता. मेरीटाइम बोर्डाचं सर्वेक्षण, परवाना, जीवरक्षक जॅकेटं, सगळ्याची यादी होती. उरलेले पैसे बँकेतच. पाठीला धक्के बसू नयेत म्हणून खुर्च्यांच्या पायात स्प्रिंगा बसवायच्या, हे त्याच्याच डोक्यातून निघालं, आणि ते मला एकदम पटलं.

सध्या बोट आमच्या वाडीत ताडपत्रीखाली आहे. नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरेल. भाच्याला तिचं नाव 'थंडर' ठेवायचं आहे, बहिणीला 'बिस्मिल्ला'. मी बर्ट्रमच्या बायकोची गोष्ट सांगितली, तर भाच्याची बायको दारामागून म्हणाली, "माझं नाव नको हां मामू, बंद पडली की लोक मलाच हसतील."