गरोदर माता आणि लघवीची तपासणी



मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. तरी या विषयावर बोलणे मला गरजेचे वाटते. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब दोनदा मोजूनही १४०/९० किंवा वर राहिला आणि चोवीस तासांच्या लघवीत ३०० मिलिग्रॅम वा अधिक प्रथिने आढळली, तर त्यास प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. आईला झटके येऊ शकतात, बाळाची वाढ खुंटते.

आपली चूक होते ती पुढे. "लघवी साफ आहे" एवढे ऐकून आपण निर्धास्त होतो. परंतु प्रथिनांच्या आकड्यावरून आई व बाळाचे पुढे काय होईल, हे नेमके सांगता येत नाही. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने तर २०१३ साली निदानासाठी प्रथिनांची सक्तीच काढून टाकली. रक्तदाब चढला आहे, डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, बरगडीखाली दुखते, मग लघवी साफ असो वा नसो, त्याच रात्री इस्पितळ गाठा. डॉक्टर पुरुष आहे म्हणून सकाळची वाट पाहू नका. झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन घरी देता येत नाही.

विद्यार्थ्यांनो, घरात कोणी गरोदर असेल तर तिच्या कार्डावरचा रक्तदाबाचा आकडा आज वाचा आणि अम्मींना सांगा.