मूत्राशय काढल्यानंतर

झाशीच्या आसपासच्या बुंदेलखंडातील जंगलांत तेंदूची पाने तोडली जातात आणि त्यांच्या विड्या वळल्या जातात. विडीच्या धुराने केवळ फुप्फुसाला अपाय होतो, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक त्या धुरातील विषारी द्रव्ये रक्तावाटे मूत्रात उतरतात व मूत्राशयात साठून राहतात. मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण तंबाखूचे धूम्रपान हेच होय.

हा रोग मूत्राशयाच्या स्नायूत शिरला म्हणजे पुष्कळदा सबंध मूत्राशय काढावे लागते. मग मूत्राला वाट कोणती द्यावयाची? मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्याला जोडण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. परंतु तीत मूत्रातील क्षार रक्तात परत शोषले जात, रक्ताची आम्लता वाढे व मूत्रपिंडांना जंतुसंसर्ग होई. १९५० साली अमेरिकेतील शल्यविशारद युजीन ब्रिकर यांनी लहान आतड्याच्या वीतभर तुकड्याला मूत्रवाहिन्या जोडून त्याचे तोंड पोटावर उघडण्याची रीत प्रसिद्ध केली. मूत्र बाहेरच्या पिशवीत जमू लागले. पुढे आतड्याचेच नवे मूत्राशय घडविणेही शक्य झाले.

ही शस्त्रक्रिया प्राण वाचविते, पण ती सोपी नव्हे. न्यूयॉर्कच्या एका नामांकित कर्करोग रुग्णालयातील १,१४२ रुग्णांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शेकडा ६४ जणांना पहिल्या नव्वद दिवसांत काही ना काही उपद्रव झाला होता. आतड्याची हालचाल मंदावणे, जखम चिघळणे, जंतुसंसर्ग होणे हे उपद्रव लवकर दिसतात. पोटावरील छिद्राशेजारी अंतर्गळ होणे, खडे होणे, ब-१२ जीवनसत्त्व कमी पडणे हे उशिरा उद्भवतात. सर्वांत फसवा उपद्रव म्हणजे मूत्रवाहिनी व आतडे यांचा सांधा आकुंचन पावणे. रुग्णाला काहीही दुखत नसते आणि आत मूत्रपिंड हळूहळू निकामी होत जाते.

म्हणूनच या शस्त्रक्रियेचे यश केवळ शस्त्रक्रियागृहात ठरत नाही. झाशीचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांना पोचतो आणि बुंदेलखंडात पाण्याची टंचाई नित्याची आहे. अशा रुग्णाला मात्र भरपूर पाणी प्यावेच लागते. एरवी खडे व संसर्ग यांना वाव मिळतो. त्याला पिशव्या वेळेवर मिळाल्या पाहिजेत, त्या बदलण्याचे शिक्षण घरच्यांना दिले पाहिजे आणि रक्ताची व मूत्रपिंडांची तपासणी आयुष्यभर ठरावीक काळाने झाली पाहिजे. झाशीत १९६८ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु दूरच्या खेड्यातील रुग्णाला तपासणीसाठी एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. ती मजुरी वाचविण्यासाठी चुकविलेली तपासणी त्याला मूत्रपिंडाची किंमत द्यावयास लावू शकते. शल्यचिकित्सकाने दिलेले आयुष्य टिकविण्याचे काम त्यानंतर कुटुंबाचे व समाजाचे असते.