सुट्टीचा दिवस कोणाचा?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले)



मी काही वक्ता नाही. शाळा नववीपर्यंत. १९८९ साली गिरणीत बदली म्हणून लागलो, पुढे रिंग खात्यात साईडर झालो. मुंबईत ज्या दोन-चार गिरण्या शेवटपर्यंत चालल्या त्यांतल्या एकीत मी होतो. २०२० च्या टाळेबंदीत यंत्रे थांबली ती थांबलीच. नववीच्या पुढचे माझे शिक्षण रद्दीच्या दुकानात आणि सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या पुस्तकांच्या स्टॉलवर झाले.

कमिटीने मला "विहाराचे कार्य व युवकांचे कर्तव्य" हा विषय दिला होता. या विषयावर दरवर्षी भाषण होते आणि दरवर्षी युवक मागच्या रांगेतून हळूच उठून जातात. म्हणून आज मी सुट्टीवर बोलणार आहे. अध्यक्ष माझ्याकडे बघत आहेत, पण त्यांनी जरा दम धरावा.

कारण असे घडले. मागच्या महिन्यात कमिटीच्या बैठकीत प्रस्ताव आला की विहारातर्फे सर्व कुटुंबांची कान्हेरी लेण्यांना एक दिवसाची सहल काढावी आणि बसचा खर्च विहाराने करावा. तेव्हा आपले एक ज्येष्ठ कार्यकर्ते उठले आणि म्हणाले, "समाजाची वर्गणी मौजमजेसाठी नाही." बैठक तिथेच गप्प झाली. या दादांनी याच विहारासाठी डोक्यावरून विटा वाहिल्या आहेत. दारोदार फिरून दोन-दोन रुपये त्यांनी गोळा केले आहेत. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला बसचे भाडे खुपणारच. त्यांचा मान ठेवून मला त्यांच्यापुढे आणि तुमच्यापुढे माझे म्हणणे मांडायचे आहे.

आधी हे बघू की सुट्टी आली कुठून. पगाराचा दिवस जसा आपोआप येतो तसा रविवार आपोआप येतो असे आपल्या पोरांना वाटते. या मुंबईत गिरण्या सुरू झाल्या तेव्हा कामगाराला आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. दिवस उगवला की आत आणि मावळला की बाहेर. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली इथेच परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज झाला. मागण्या काय, तर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार आणि कामावर जखमी झाला तर भरपाई. ही काही राज्य उलथवण्याची भाषा नव्हती. तरीही सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा भरली आणि त्या सभेत दोन स्त्री-कामगार उभ्या राहून बोलल्या. हे नीट ध्यानात ठेवा, मी पुन्हा त्यावर येणार आहे. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत कारखान्यांच्या कायद्यात पगारी रजा आली, १९४५ साली. आणि १९४६ साली आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ झाले. घटनाकार बाबासाहेब आपल्याला पाठ आहेत, पण आठवड्याचे सहा तास आपल्या घरी परत पाठवणारे बाबासाहेब आपण भाषणात फारसे सांगत नाही. त्या सहा तासांत माझ्यासारख्यांच्या आज्या-आजोबांनी काय केले असेल? कोणी रात्रशाळेत गेला असेल, कोणी भजनात बसला असेल, कोणी नुसता झोपला असेल. झोपला तरी काय बिघडले?

आणि ज्यांना धम्माचा दाखला हवा त्यांनी दीघ निकायातले सिगालोवाद सुत्त बघावे. मालकाने नोकराशी कसे वागावे हे भगवंतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाला सांगितले आहे. ताकद बघून काम द्यावे, जेवण आणि मजुरी द्यावी, आजारात बघावे, काही खास गोडधोड केले तर त्यातला वाटा द्यावा आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. गोडधोड आणि सुट्टी! मजुरी आणि औषधपाणी यांच्याच रांगेत या दोन्ही गोष्टी बसवल्या आहेत.

आता आजची गोष्ट. रविवारी सकाळी दहाच्या वंदनेला तरुण पोरे येत नाहीत अशी आपली नेहमीची तक्रार असते. मी मग एक उद्योग केला. आपल्या आणि शेजारच्या चाळीतल्या पंधरा-वीस पोरांना विचारले, "बाबा, तुझी सुट्टी कधी?" कोणी मॉलमध्ये सिक्युरिटीला आहे, कोणी हाऊसकीपिंगला, कोणी कपड्याच्या दुकानात. ज्या जागेवर आमची गिरणीची पाळी सुटायची त्याच जागेवर त्यांची आता ड्यूटी सुरू होते. मॉलला सर्वांत जास्त गर्दी रविवारी. त्यांचा ऑफ मंगळवारी, बुधवारी, कोणाचा गुरुवारी. आणि मोबाइलवर ऑर्डर घेऊन घरोघर जेवण पोहोचवणारी जी पोरे आहेत, त्यांची तर निराळीच कथा. त्यांना कोणी सुट्टी नाकारत नाही. "घे ना," म्हणतात. पण घेतली की त्या दिवसाची कमाई शून्य, आणि रविवारी तर ऑर्डरी जास्त. आमच्या भाषेत त्याला खाडा म्हणायचे. रोज सकाळी गेटवर उभे राहून आज आत घेतील की नाही याची वाट बघणारा बदली कामगार मी होतो, त्यामुळे हे मला कोणी समजावून सांगायला नको.

म्हणजे १८९० साली मिळवलेला रविवार आपल्या पोरांच्या हातून गेला आहे आणि आपण त्यांनाच विचारतो, वंदनेला का येत नाही. हे बंद करा. दुकाने आणि आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा जो कायदा आहे त्यात आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टीची तरतूद आहे. कोणा मुलाला ती मिळत नसेल तर त्याने विहारात येऊन सांगावे. आपल्यात युनियनचे काम केलेले तीन-चार जण अजून धडधाकट आहेत, आमचा काही उपयोग करून घ्या.

शिवाय मधल्या वारची सुट्टी ही समाजाच्या कामाला जास्त उपयोगी असते, हे कोणाच्या लक्षात आलेले दिसत नाही. आम्ही रविवारवाले कार्यकर्ते. रविवारी केईएमची ओपीडी बंद, रेशनिंग ऑफिस बंद, बँक बंद, वॉर्ड ऑफिस बंद. मग आम्ही करणार काय? सभा! मंगळवारची सुट्टी असलेला एक पोरगा गेल्या वर्षभरात आपल्या खालच्या मजल्यावरच्या दोन म्हाताऱ्यांना केईएमला घेऊन गेला. सकाळी सातला जाऊन नंबर लावला, केसपेपर काढला, डॉक्टरने लिहिलेले त्यांना समजेल असे वाचून दाखवले. त्याचे नाव आपल्या कार्यकर्त्यांच्या यादीत नाही, कारण तो सभेला नसतो. अशा पोरांची वारवार यादी केली तर आठवड्याचे सातही दिवस विहारात कोणीतरी एक माणूस असेल. आणि वंदना बुधवारी संध्याकाळीही घ्यावी. भन्तेजी नाही म्हणणार नाहीत, मी विचारून ठेवले आहे.

आता मौजमजा. दादा, जरा ऐका.

१९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिने वसतिगृह काढले, मोफत वाचनालय काढले आणि इथे मुंबईत तरुणांसाठी हॉकी क्लबही काढला. लोक अर्धपोटी होते, पाणवठे बंद होते, तरी तेव्हाच्या माणसांना वाटले की पोरांच्या हातात हॉकीची काठी पाहिजे, नाहीतर हात जुगाराकडे जाईल. खुद्द बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. एवढ्या कामाच्या रगाड्यात! त्यांना कोणी विचारले नाही की समाजाचे काम सोडून हे काय.

गरिबाची मौज ती केवढी असते? आमच्या लहानपणी बेस्टच्या डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट मिळाली की राजा झाल्यासारखे वाटायचे. ती जुनी डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली, तेव्हा तिला हार घालायला माणसे गेली. राणीच्या बागेत डबा घेऊन जायचे, हत्ती बघायचा, झाडाखाली चादर टाकून पडायचे. रविवारी मटण आणले तर सुकटीवर सहा दिवस काढलेल्या घराला वास यायचा. गॅलरीत कॅरम. एवढेच. यातले समाजाचे नुकसान करणारे काय आहे ते मला कोणी दाखवावे. नुकसान करणारे जे आहे ते गल्लीच्या कोपऱ्यावर बाटलीत मिळते, आणि ज्याला दुसरी काही मौज ठाऊक नाही तो तिकडे लवकर वळतो.

आणि सेवेतही मौज असते हो. सहा डिसेंबरला आपले पाणी वाटपाचे टेबल असते. एका वर्षी हिंगोलीकडची एक आजी चुकली. मुलाचे वर्णन काय, तर "पांढऱ्या सदऱ्यातला, काळासावळा." आता त्या दिवशी शिवाजी पार्कात पांढऱ्या सदऱ्यातले काळेसावळे किती असतील सांगा. मी धरून! तिला बसवले, चहा दिला, माइकवरून गावाचे नाव पुकारत राहिलो. दोन तासांनी तो मुलगा रडत आला आणि आजी त्यालाच ओरडली, "कुठं हरवला होतास?" पहाटे तीन वाजता पत्रावळ्या उचलून झाल्यावर आम्ही सात-आठ जण समुद्राच्या कट्ट्यावर कटिंग घेऊन बसलो आणि त्या आजीची नक्कल करून पोट दुखेपर्यंत हसलो. घरी आल्यावर पाय सुजले होते. तरी पुढच्या वर्षी तेच सात-आठ जण पुन्हा हजर.

आता त्या दोन स्त्रियांकडे येतो. महालक्ष्मीच्या सभेत रविवार मागायला बाया उभ्या राहिल्या होत्या. एकशे तीस वर्षांच्या वर झाली. आज आपल्या घरातल्या बाईला रविवार आहे का? सोमवार ते शनिवार ती चार घरची धुणीभांडी करते किंवा ऑफिसात झाडलोट करते, आणि रविवारी घरात सगळे आहेत म्हणून तिचे काम दुप्पट. मटणाचे वाटण तिनेच करायचे. जयंतीला तीनशे माणसांची खिचडी महिला मंडळ करते आणि आम्ही माइकवर त्यांचे आभार मानतो. आभाराने हात दुखायचे थांबत नाहीत. म्हणून सहलीच्या बाबतीत माझी एक अट आहे. त्या दिवशीचा स्वयंपाक पुरुषांनी करायचा. पहाटे उठून इथेच विहाराच्या मागे पुलाव शिजवायचा, पातेली आपणच बसमध्ये चढवायची आणि परत आल्यावर आपणच घासायची. मला भात जमतो. बाकीच्यांनी काय येते ते सांगावे.

कान्हेरीच का, हेही सांगतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, गेटपासून आत पाच-सहा किलोमीटरवर, काळ्या पाषाणात शंभराहून जास्त लेणी आहेत. मोठा चैत्य आहे, बुद्धाच्या दोन पुरुष उंचीहून मोठ्या मूर्ती आहेत. पण मला सगळ्यांत आवडतात ती पाण्याची टाकी. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या बाजूला खडकात खोदलेले टाके, त्यात वरून पावसाचे पाणी उतरवायला कोरलेल्या बारीक पन्हळी. जुन्या लेखांत त्याला पोढी म्हटले आहे. पावसाळ्यात तिथे राहणाऱ्या भिक्खूंना आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पुढे उन्हाळ्यात पाणी मिळावे म्हणून ही सोय. ही टाकी दिली कोणी? नुसती राजांनी नाही. कल्याणच्या एका सोनाराने एक टाके दिल्याचा लेख आहे, कल्याणच्याच एका लोहाराच्या दानाचाही लेख आहे. लोहार! भात्यापुढे घाम गाळणारा आपल्यासारखाच हातावरचा माणूस. कल्याणहून बोरिवलीच्या डोंगरापर्यंत तो तेव्हा कसा आला असेल? काम बंद ठेवूनच आला असणार. टाके बघितले असेल, ओंजळीने पाणी प्याला असेल, बायकापोरे बरोबर असतील तर पायरीवर बसून भाकरी खाल्ली असेल. त्याचे ते येणे सेवा होती की सहल, हे मला सांगता येत नाही. दादांनी लेणे बघून सांगावे. त्यांची खिडकीजवळची सीट मी राखून ठेवली आहे.

सहली दोन काढाव्यात असे सुचवतो, एक रविवारची आणि एक मधल्या वारची. सोमवार नको, सोमवारी उद्यान बंद असते. पावसात पायऱ्या निसरड्या होतात, चप्पल पट्ट्याची घाला. लहान मुलांना एक-एक जास्तीचा कपडा घ्या. प्लास्टिकची पिशवी नेऊ नका, आणि माकडांसमोर खाऊ काढू नका.

बाहेर पडताना दाराशी वही आहे, पेन दोरीने बांधला आहे. नावापुढे आपल्या सुट्टीचा वार लिहायचा. ज्या भगिनींना सुट्टीचा वारच नाही त्यांनी तो रकाना कोरा सोडू नये. जो वार हवा असेल तो लिहावा. घरच्यांनी तो वाचून घ्यावा.

जयभीम, नमो बुद्धाय.