बाबांचा खराटा
(दिंडीच्या शताब्दी मेळाव्यात केलेलं भाषण)



 मी चौथी शिकलेला गडी. अर्धं आयुष्य औतामागं गेलं, अर्धं दिंडीमागं. कमिटीनं मला विषय दिला, माणूस मोठा कसा होतो ते सांगा. मोठी माणसं पुष्कळ झाली. मी एकाचंच सांगतो, कारण त्यांनी मला एकदा चांगलंच जागेवर आणलंय. ते म्हणजे गाडगेबाबा.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. परटाचं घर. बाप दारूपायी गेला. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. डेबूजी मामाची गुरं राखायचा, नांगर धरायचा. शाळेचं तोंड पाहिलं नाही. पुढं मामाची जमीन सावकारानं कागदावर अंगठे घेऊन गिळली. मामा त्या धसक्यानं गेले. आता बघा माऊली, दारू आणि कर्ज ही दोन दुखणी बाबांनी पोथीत वाचली नव्हती, घरात भोगली होती. म्हणून तर पोरीच्या बारशाला जातीची रीत मोडून त्यांनी मटण-दारू बंद केली आणि पंगतीला गोड जेवण वाढलं. भाऊबंद रागावले, पण डेबूजी ढळला नाही.

१९०५ साली त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि मातीचं गाडगं. त्या गाडग्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचं. गाडगं हातात म्हणून गाडगेबाबा. लोकांनीच ठेवलेलं नाव आहे ते, बाबांनी पाटी रंगवून घेतली नव्हती. गावात शिरले की आधी गटारं, रस्ते झाडायचे. काम झालं की भाकरी मागायची. रात्री कीर्तन. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवापुढं मुकं जनावर कापू नका, शिवाशिव पाळू नका, पोरं शाळेत घाला. एवढंच सांगायचे, पण आपल्या वऱ्हाडी बोलीत, समोरच्या माणसाला सवाल करून त्याच्याच तोंडून उत्तर काढायचे.

माझ्या वडिलांनी त्यांना पंढरपुरात वारीच्या वेळी बघितलं होतं. वडील सांगायचे, "वाळवंटात एक फाटका म्हातारा झाडत व्हता. आमी त्याच्या म्होरंच पत्रावळी टाकल्या. त्यानं वर बघितलं न्हाई, गुमान उचलल्या. रातच्याला कीर्तनाला गेलो तर उभा कोण? त्योच म्हातारा. मग मान वर करवंना."

त्याच पंढरपुरात बाबांनी पाहिलं की वारीला आलेल्या अस्पृश्य माणसाला पाऊसपाण्यात टेकायला जागा नाही. देऊळ सगळ्यांना खुलं व्हायला १९४७ साल उजाडलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. पण त्याच्या कितीतरी आधी, १९२० च्या सुमारास, बाबांनी तिथं चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा उभी केली. पुढं १९४९ साली ती डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. नाशिकला, आळंदीला, मुंबईला धर्मशाळा झाल्या. ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट झाला. एवढं बांधलं, पण स्वतः त्या धर्मशाळेत सुखानं राहिले नाहीत. पैशाला ट्रस्ट केले आणि घरच्या माणसांना त्यावर हक्क ठेवला नाही. बायको-लेकरं झोपडीत राहिली. कोकणात खारेपाटणला असताना मुलगा गोविंद गेल्याची खबर आली, तरी कीर्तन मोडलं नाही. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडीतच देह ठेवला.

ज्यांनी शाळा पाहिली नाही, त्यांचं नाव आज अमरावतीच्या विद्यापीठाला आहे. कशानं मोठे झाले? गादीनं नाही, शिष्यांनी नाही. हातात येईल ते पुढं देऊन टाकलं आणि खराटा मात्र कुणाला दिला नाही, त्यानं मोठे झाले.

आता माझं सांगतो. हे सगळं मी वीस-पंचवीस वर्षं कीर्तनात सांगत होतो. लोक रडायचे. मी बिदागी मोजून घ्यायचो. एका सप्त्यात पत्रिकेवर माझं नाव खाली बारीक अक्षरात छापलं, म्हणून मी रुसून उशिरा उभा राहिलो. लोक ताटकळले. त्या रात्रीसुद्धा मी गाडगेबाबांचाच दृष्टांत दिला. बोलायला लाज वाटते, पण बोलतो.

पुढं माझ्या थोरल्या भावाला, दादाला, घशाचा कॅन्सर झाला. मुंबईला टाटा हॉस्पिटलला नेलं. मुंबईत आपलं कोण? दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथं आसरा मिळाला. ज्या माणसाच्या गोष्टी सांगून मी पैसे घेतले, त्याच्याच छपराखाली माझ्या भावाला अंथरूण मिळालं. दादाला बोलता येत नव्हतं. एके सकाळी मी बसल्या जागी पेशंटांच्या नातेवाइकांना बाबांचं चरित्र सांगत होतो. रंगात आलो होतो. दादानं खुणेनं बोलावलं आणि कोपऱ्यातल्या झाडूकडं बोट केलं. बस्स, एवढंच केलं. मी उठलो आणि व्हरांडा झाडला. दादा त्या साली गेला. त्यानंतर मी बिदागी ठरवून घेतली नाही. कुणी नारळ दिला तर नारळ.

हे आज का सांगतोय? दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून आपण संगमरवरी शिळा बसवणार आहोत. त्यावर देणगीदारांची नावं, पुढाऱ्यांची नावं, आणि चाळीस वाऱ्या झाल्या म्हणून माझंही नाव. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, यावरून परवा बैठकीत दोन भावकीत बोलाचाली झाली. मंडळी, माझं नाव त्या शिळेवरून काढा. मी रागानं म्हणत नाही, हात जोडून म्हणतो.

आपण मुक्काम हलवतो तेव्हा मागं काय राहतं, ते कधी वळून बघितलंय का? पत्रावळी, प्लॅस्टिकचे पेले, चहाचे कप, आणि न बोलण्यासारखी घाण. ज्या शेतकऱ्यानं रान दिलं, तो आपण गेल्यावर दोन दिवस ते साफ करत बसतो. मी शेतकरी आहे, मला कळतं. आपण त्याला माऊली म्हणतो आणि त्याच्या दारात उकिरडा टाकून पंढरीला जातो.

म्हणून माझं मागणं आहे. येत्या आषाढीपासून दर मुक्कामावर दहा माणसं मागं थांबवा. रान झाडून, खड्डा बुजवून, मग निघायचं. पालखी तासभर पुढं जाईल. जाऊ द्या, गाठता येते. खराट्यांचा खर्च मी देतो. त्या दहा जणांची यादी करा, साध्या वहीत करा, आणि त्यात माझं नाव पहिलं लिहा. गुडघे दुखतात, पण वाकता येतंय अजून.

काही चुकलं असेल तर पदरात घ्या.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल.