घोरणं मधेच थांबतं तेव्हा

मी बचत गटांची सहयोगिनी. नांदेड आणि लातूरच्या सीमेवरच्या गावांत माझं फिरणं असतं. आज हप्त्याचं आणि कर्जाचं बोलणार नाही. आज बोलायचंय जिभेबद्दल, तेही झोपेतल्या जिभेबद्दल.

आमच्या एका गटात एक मावशी आहेत. त्यांना विचारूनच सांगतेय, नाव मात्र घेत नाही. मासिक बैठकीत त्या बसल्या जागी पेंगायच्या. गटाचा नियम होता, बैठकीत झोपलं की २० रुपये दंड. मी स्वतः त्यांच्याकडून दोनदा दंड घेतला, इतिवृत्तात लिहिला. बाया हसल्या, मीही हसले. मग एक दिवस मिरची कांडपाच्या मशीनपुढे त्यांचा डोळा लागला आणि पदर पट्ट्याकडे गेला. शेजारणीनं बटण बंद केलं म्हणून निभावलं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. सून म्हणाली, "ताई, आत्याबाई घोरतात त्याची भीती नाही वाटत. मधेच आवाज थांबतो, श्वासच थांबतो, तेव्हा भीती वाटते. मी उठून बघते. मग त्या दचकून मोठा श्वास घेतात." मावशी खाली बघत होत्या. घोरण्याच्या लाजेनं त्यांनी पाहुण्यांकडे मुक्काम करणंच सोडलं होतं.

आता हे का होतं ते बघा. "नांदेड" म्हणा, "लातूर" म्हणा. पहिल्या अक्षराला जिभेचं टोक वरच्या दातांमागं, टाळूला लागतं. टाळू म्हणजे तोंडातली, डोक्यावरची नव्हे. तोंड मिटून नाकानं श्वास घेताना जीभ साधारण तिथंच टेकलेली असते. पण जीभ दिसते तेवढीच नाही. तिचं मूळ मागं घशात असतं, आणि त्याच्या मागूनच श्वासाची वाट जाते.

विहिरीतून पाणी ओढायला आपण कडक पाईप लावतो. मऊ नळी लावली तर ओढीनं चपटी होते. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो, पण जिभेमागचा घसा मऊ नळीसारखा आहे. जागेपणी स्नायू त्याला उघडा धरतात. झोपेत ते सैल पडतात. उताणं झोपलं की जीभ मागं घसरते, वाट अरुंद होते आणि पडजीभ, मऊ टाळू थरथरते. तेच घोरणं. वाट पूर्ण बंद झाली की श्वास थांबतो. १० सेकंद किंवा जास्त थांबला तर डॉक्टर ते मोजतात. तासाला ५ किंवा जास्त वेळा झालं आणि दिवसा त्रासही असेल तर तो आजार मानतात. अशी रात्र काढलेली बाई दिवसा पेंगणारच. सकाळी डोकं दुखणं, वाढलेला रक्तदाब, हेही त्याच्यासोबत येतं. आपण मात्र अशक्तपणा म्हणतो आणि टॉनिक आणतो.

मावशींच्या मुलानं मोबाईलवर व्हिडिओ पाहिला होता: जीभ दिवसभर टाळूला दाबून धरा, जबडा रुंद होईल, श्वासाची वाट मोठी होईल. दोन महिने त्यात गेले. लहान मुलांची हाडं वाढत असतात, त्यांची गोष्ट वेगळी. मोठ्या माणसाचं टाळूचं हाड पक्कं झालेलं असतं. जीभ दाबून ते रुंद होतं याला पुरावा नाही.

स्नायू मात्र कमावता येतो. ब्राझीलमध्ये ३१ रुग्णांवर एक अभ्यास झाला, २००९ साली छापून आला. मध्यम त्रास असलेल्यांपैकी काहींनी तीन महिने रोज जिभेचे आणि घशाचे व्यायाम केले. जिभेचं टोक टाळूवरून मागं सरकवायचं, सगळी जीभ वर चिकटवून दाबायची, असे. त्यांचं श्वास अडणं तासाला सरासरी २२ वरून १४ च्या आसपास आलं. कमी झालं, पण संपलं नाही. म्हणून व्यायाम जोडीला करा, तपासणीच्या बदल्यात नको.

घरी काय करता येईल? कुशीवर झोपा. वजन जास्त असेल तर हळूहळू उतरवा. नाक चोंदत असेल तर त्याचा इलाज करा. दारू आणि झोपेच्या गोळ्या स्नायू आणखी सैल करतात, घरातल्या पुरुषांनाही हे सांगा. आणि श्वास थांबत असेल तर विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात दाखवा. सोबत रात्री जागणारं माणूस न्या. पेशंटला स्वतःचं काहीच ठाऊक नसतं. जमलं तर मोबाईलवर आवाज टिपून न्या.

मावशींची झोपेची तपासणी झाली. आता त्या रात्री नाकावर मास्क लावून झोपतात. मशीन हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवतं. पहिले आठ दिवस कंटाळल्या, आता मास्कशिवाय झोपत नाहीत. कांडपाच्या मशीनवर परत आल्या आहेत.

पुढच्या बैठकीत आम्ही त्यांचे ४० रुपये परत केले आणि नियम बदलला. आता बैठकीत कुणी पेंगलं तर दंड नाही. आधी विचारायचं, "बाई, रात्री झोप कशी लागते?" तुमच्या गटातही विचारून बघा.